पाण्यातलं आठवं घर

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे आणि तो खरा आहे. माझ्या गोष्टीतला उंदीर दुसऱ्या खेपेला घूस होतो आणि तिसऱ्या खेपेला त्याला आयाळ फुटते. पण मनोहर धुरी हा एकच माणूस मला असा भेटला, की त्याच्याबद्दल बोलताना मला कमी करून सांगावं लागतं. सगळं सांगितलं तर तुम्ही उठून जाल. तेव्हा खाली जे लिहितो आहे ते निम्म्याने छाटून लिहितो आहे असं समजा. छाटणी हा धुरींचाच धंदा होता, त्यांची हरकत नसावी.

तेव्हा मालाड म्हणजे मुंबई नव्हे. ‘जरा मुंबईला जाऊन येतो’ असं घरात सांगून आम्ही रोज ऑफिसला निघत असू. स्टेशनाबाहेर चार टांगे उभे असत आणि त्यांतले तीन घोडे उभ्या उभ्या झोपलेले असत. पुढे ताडाची झाडं आणि त्यांच्यामागे जिकडे पाहावं तिकडे दगडाच्या खाणी. निम्म्या मुंबईच्या इमारतींना आमच्याकडचा दगड गेलेला. म्हणजे मुंबई जितकी वर गेली तितकं मालाड खाली गेलं, असा साधा हिशेब होता.

धुरींचा फोटोचा गाळा आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर होता. मी वर, ते खाली. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘माणसांचे व पाण्याचे फोटो काढून मिळतील.’ माणसांचे फोटो काढून घ्यायला माणसं येत. पाण्याचे फोटो काढून घ्यायला पाणी काही येत नसे, म्हणून धुरी त्याच्याकडे जात.

ते वेंगुर्ल्याकडचे. ऐन तारुण्यातली वर्षं गिरणीत काढली, तिथल्या मागांनी कान अर्धे खाल्ले, तेव्हा गिरणीला रामराम ठोकून एका म्हाताऱ्या फोटोग्राफराकडून लाकडी कॅमेरा आणि धंदा दोन्ही उचलले. अंगानं उंच आणि असे वाळलेले, की कॅमेऱ्याच्या स्टँडला तीन पाय होते आणि चौथा पाय म्हणजे धुरी, असं आम्ही म्हणत असू. शांत असले की पुस्तकी मराठी बोलत, रागावले की मालवणी. त्यामुळे त्यांचं पुस्तकी मराठी मी फारसं ऐकलेलं नाही.

त्यांच्या छातीच्या खिशात पुठ्ठ्याचे दोन काटकोन असत. एकावर एक धरले की मधे चौकट तयार व्हायची; सरकवली की लहान, ओढली की मोठी. फोटोवाले ती छापावर ठेवून कुठे कापायचं ते ठरवतात. धुरी ती जगावर ठेवत. रस्त्यानं चालताना एकदम थांबायचे, काटकोन काढायचे, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या माणसाला सांगायचे की तुझ्यामागचा खांब काढ, नाहीतर तू तरी नीघ. आमच्याकडे एकदा जेवायला बसले तर पानावर चौकट धरून त्यांनी लोणच्याला बाहेर काढलं. हिनं विचारलं की लोणचं नको का? तर म्हणाले, खाणार आहे, पण ते तिथं शोभत नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या डाव्या कानावरून. ऑफिसात ओळखपत्रासाठी फोटो मागितला होता. धुरींनी काढून दिलेला फोटो सुरेख होता. मी त्यात माझ्यापेक्षा बराच हुशार दिसत होतो. फक्त डावा कान नव्हता. विचारलं तर म्हणाले, कान जास्तीचा होता, सगळं चित्र डावीकडे ओढत होता. ऑफिसातल्या हेडक्लार्कनं तो फोटो नापास केला. हे धुरींना कळताच ते दुसऱ्या दिवशी माझ्याआधी ऑफिसात हजर. हेडक्लार्कच्या टेबलावर दोन्ही हात टेकून त्यांनी विचारलं, “कान होयो कशाक? ह्यो माणूस कोणाचा आयकता थोडोच?” हेडक्लार्कला हा मुद्दा तत्काळ पटला. नोकरी सुटेपर्यंत मी एका कानाच्या ओळखपत्रावर काढली.

पण कान वगैरे किरकोळ. खरं वेड पाण्याचं. वाहतं पाणी त्यांना आवडायचं नाही. समुद्राला तर ते उनाड म्हणत. त्यांना हवं असे थांबलेलं पाणी आणि त्यात पडलेलं जग. मालाडच्या एका किराणा दुकानदारानं मुलीच्या लग्नात त्यांना बोलावलं. मांडवात वाजंत्री, वारा, पळती पोरं, वाकडे चेहरे करणारे मामा. एका कोपऱ्यात पाय धुवायला ठेवलेलं तांब्याचं भलं मोठं घंगाळ मात्र काठोकाठ भरून शांत होतं. धुरींनी नवरानवरीला त्याच्यापलीकडे उभं केलं आणि फोटो काढला तो घंगाळाचा. दुकानदाराच्या हातात छाप पडला तेव्हा त्यात वाटोळ्या तांब्याच्या काठात त्याची मुलगी आणि जावई, खाली डोकं वर पाय. तो ओरडत आला की माझ्या मुलीचा संसारच उलटा केलास. धुरींनी त्याच्या हातातून फोटो घेतला, फिरवून पुन्हा हातात दिला आणि गिऱ्हाईक आल्यासारखं दुसरीकडे बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं. मुलीला मात्र तो फोटो एवढा आवडला, की तिनं सासरी नेऊन देवाशेजारी लावला. तिच्या सासऱ्यानं पुढे वर्षभर, घंगाळ छताला कसं चिकटलं, यावर विचार केला असं सांगतात.

एकदा त्यांनी मला काळ्या कापडाखाली डोकं घालायला लावलं. त्या जुन्या कॅमेऱ्याच्या मागे एक धुरकट काच असते आणि तिच्यावर समोरचं सगळं उलटं पडतं. मी पाहिलं तर बांध, झाडं, गुरं, सगळी वटवाघळांसारखी लटकलेली. पण तळ्यात पडलेली झाडं आणि गुरं मात्र ताठ, सुलटी, पायांवर उभी. कापडाबाहेरून आवाज आला, “बघितल्यात? आता सांगा, खरो खयचो?” मी कापडाखालून निघालो तेव्हा मला बाहेरचंच जग थोडं तिरकं वाटत होतं, ते अजून पुरतं सरळ झालेलं नाही.

छाटणीबाबत त्यांचा एक कायदा होता. ते छाप मोठे करून देत नसत. काचेची प्लेट जेवढी, तेवढाच कागद. नको असलेल्या भागावर ते काळा कागद चिकटवत, म्हणजे तेवढा भाग छपाईत उतरायचाच नाही, आणि छापावर राहिलेली कोरी पट्टी ते कापून टाकत. बाकीचे फोटोवाले हा कागद काचेच्या गुळगुळीत बाजूनं लावतात, उद्या मन बदललं तर काढता यावा म्हणून. धुरी तो मसाल्याच्या बाजूनं, म्हणजे जिथं चित्र असतं तिथंच, डिंकानं डकवत. कड धारदार येते म्हणायचे. आणि मन बदललं तर? तर म्हणायचे, “कापलां तां मेलां.” छाटलेला भाग त्यांनी आयुष्यात कोणाला दाखवला नव्हता.

आता खाणीकडे येतो.

स्टेशनापासून अर्ध्या तासावर एक बंद पडलेली खाण होती. तिच्यात पाणी भरून तळं झालेलं. तीन बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, इतक्या उंच की वारा वरूनच वाकून बघायचा आणि निघून जायचा. चौथ्या बाजूनं पाण्यापर्यंत उतरता येत असे. समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी पाण्यालगत काठाची पट्टी होती, तिच्यावर डाव्या अंगाला पाथरवटांची आठ घरं होती. खाण चालू असताना आलेली माणसं, खाण बंद झाल्यावर आसपासच्या खाणींत कामाला जाऊन या काठावरच राहिलेली. उजव्या अंगाला, जरा वरच्या टप्प्यावर, एका ताडाशेजारी रावसाहेबांचा नवा पांढरा बंगला. रावसाहेब म्हणजे बांधकामाचे कंत्राटदार आणि आमच्या चाळीचे मालक. रावसाहेब ही पदवी त्यांना कोणी दिली हे शोधायचा मी प्रयत्न केला आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी ती स्वतःच घेतली.

धुरींना ते पाणी सकाळी उन्हं कातळावरून पाण्यावर उतरताना हवं होतं. पण त्याच वेळी आठ घरांचा दिवस सुरू होई. हंडे, कपडे, शेळ्या, पोरं. पाण्याला क्षणाची उसंत नसे. धुरी आठवडाभर पहाटे जाऊन स्टँड लावून उभे राहिले. आठव्या दिवशी पलीकडून यल्लव्वा आली. ही त्या वस्तीतली मुख्य बाई, वयानं माझ्या आईएवढी आणि आवाजानं सुरुंगाएवढी. तिनं विचारलं, तुझं काही हरवलंय का पाण्यात. धुरींनी सांगितलं की पाणी हलायचं थांबायला हवं. किती वेळ? थांबेपर्यंत.

कोणत्याही शहाण्या बाईनं त्यांना हाकललं असतं. पण यल्लव्वाचा जन्म खाणीत गेलेला, आणि खाणीत एक रीत असते. सुरुंगाला बत्ती दिली की आरोळी ठोकतात, आणि ती ऐकली की जो जिथं असेल तो तिथं थांबतो. दुसरी आरोळी होईपर्यंत कोणी बोटही हलवत नाही. थांबण्याची किंमत त्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं पाण्यावर उतरली तशी यल्लव्वा आपल्या दारात कमरेवर हंडा घेऊन उभी राहिली आणि तिनं ती आरोळी दिली. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण मी स्टँडचा पाय धरून तिथं होतो: आठ घरं थिजली. हातोडी उचललेला माणूस हातोडी उचललेलाच राहिला. पोरं श्वास धरून. एक शेळी होती, तिनं चघळायचं थांबवलं. पाणी आधी थरथरलं, मग सैलावलं, मग काच झालं. धुरींनी भिंगावरचं झाकण काढलं, पाच आकडे मोजले, झाकण लावलं.

तो फोटो म्हणजे काय होता. पांढरा बंगला, ताड आणि खाली पाण्यात पुन्हा बंगला, पुन्हा ताड, मधे सुरीनं आखल्यासारखी काठाची रेघ. गाळ्याच्या काचेत लावला तर टांगेवाले टांगे सोडून बघायला यायचे. रावसाहेब स्वतः आले, छाप घेऊन गेले, दिवाणखान्यात लावला, आणि त्यानंतर धुरींना भेटले की ‘आमचे कलावंत’ म्हणू लागले. धुरींनी आपल्या सवयीप्रमाणे मागे तारीख घातली होती, वेळ, ‘वारा: नाही’, आणि सही.

आठ घरं त्यात नव्हती. मी विचारलं होतं. धुरी म्हणाले, आठ छपरं म्हणजे चित्रात आठ जण एकदम बोलल्यासारखं झालं असतं. काळा कागद, डिंक, आणि संपलं.

दोन वर्षांनी आठ घरांना नोटीस आली. काठाची जागाही रावसाहेबांनी घेतली होती आणि त्यांचं म्हणणं असं, की आपण घेतली तेव्हा काठ मोकळा होता. ही घरं मागाहून रातोरात उठली. सरकारी चौकशी लागली. पुरावा काय? तर तो फोटो. काठ पाहा, पाणी पाहा, मागची तारीख पाहा, गावातल्या नामांकित फोटोग्राफराची सही पाहा. आहे कुठे घर?

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी यल्लव्वा गाळ्यात आली. मी तिथं बसलो होतो. ती आरडाओरडा करेल म्हणून मी उठायच्या बेतात होतो, पण ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि हळू आवाजात, तिच्या मानानं हळू, विचारलं,

“फोटोवाल्या, आमची घरं कुठं ठेवलीस?”

धुरींनी तिला चित्र समजावून सांगायला सुरुवात केली. वजन डावीकडे जात होतं वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुझ्या पाण्यासाठी आम्ही श्वास धरला होता. माझा नातू तेव्हा तापानं फणफणला होता, तोसुद्धा रडायचा थांबला होता. तू सांगितलंस थांबा, आम्ही थांबलो, आणि मग तू आम्हालाच काढलंस. एवढं बोलून ती उठली आणि गेली. धुरींनी काटकोन खिशात घातले, बाहेर काढले, परत खिशात घातले. मग मला म्हणाले, कारकुनांनू, वर चला, तुमच्याकडे चूल पेटलेली आहे का.

प्लेट त्यांनी जपून ठेवली होती, पण काळा कागद दगडासारखा चिकटला होता. थंड पाण्यात भिजत घालायचा तर दोन दिवस हवेत, आणि हाती एक संध्याकाळ. तेव्हा धुरींनी माझ्या बायकोकडे मोदकपात्र मागितलं. तिनं ते दिलं, हे तिच्या चांगुलपणाचं लक्षण. परत मागितलं नाही, हे त्याहून मोठं. आमच्या स्वयंपाकघरात, भाद्रपद नसताना, मोदकपात्रावर काचेची प्लेट वाफेला लागली. कागदाची एक कड सैल झाली. धुरी नखानं, सुरीच्या पात्यानं, पिसानं, एकेक सूत तो कागद उचलत होते. एक छप्पर निघालं. दुसरं. भिंतीपुढे हातोडी उचललेला माणूस. शेळी. सात घरं निघाली, आणि आठव्यापाशी, डाव्या वरच्या कोपऱ्यात, वाफेनं मसालाच मऊ झालेला. कागद उठला तो घर घेऊन उठला. काचेवर नुसती काच राहिली.

ते घर यल्लव्वाचं होतं.

धुरी ती प्लेट दिव्यासमोर धरून बघत होते, आधी अशी, मग तशी. मग ती कपड्यात गुंडाळून जिना उतरले. मी हिला म्हणालो, संपलं.

दुसऱ्या दिवशी ताडाखाली टेबल मांडून चौकशीचे साहेब बसले होते. एका बाजूला रावसाहेब आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आठ घरांतली माणसं जमिनीवर. वकिलांनी फोटो पुढे केला, पाठ वाचून दाखवली आणि धुरींना विचारलं की अक्षर तुमचंच ना. धुरी म्हणाले, माझंच. रावसाहेब प्रेमानं हसले. मग धुरींनी टेबलावर कापड उलगडलं.

वकील म्हणाले ही काच दुसऱ्या दिवसाची असेल, दुसऱ्या वर्षाची असेल. धुरींनी तो छाप घेतला आणि काचेवर ठेवला. चित्र दोन्हींत एकाच मापाचं. ताडावर ताड बसला, पायरीवर पायरी, आणि कातळातली भेग कागदावर तुटली होती तिथूनच काचेवर पुढे गेली. साहेबांनी चष्मा पुसला. वकील तयार माणूस होते, त्यांनी लगेच घरं मोजली. सात. नोटिसा आठ. म्हणजे आठवं घर मागाहून बांधलेलं, हे तर फोटोग्राफरच सिद्ध करत आहेत. रावसाहेबांनीही मोठ्या मनानं सांगितलं की सात राहू देत, आमची हरकत नाही. त्या एका बाईनं जावं. ती गेली तर बाकीची सात किती दिवस टिकतील हे त्यांनाही ठाऊक होतं आणि जमिनीवर बसलेल्यांनाही. कोणी यल्लव्वाकडे बघेना.

रावसाहेब धुरींच्या जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, “धुरी, काम झालं तुमचं. आता घरी जा. गाळा कुणाचा आहे ते लक्षात आहे ना?”

कान अर्धे गेलेल्या माणसाशी हळू बोलण्यात अर्थ नसतो. धुरींनी जे उत्तर दिलं ते तिन्ही कातळांनी ऐकलं.

“गाळो तुमचो हा, रावसाहेबांनू. पाणी नाय.”

मग ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, काच उलटी धरा. साहेबांनी वरची बाजू खाली केली. उन्हात काचेवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेलं दिसतं, पण डोळे सरावले की कळतं. काठावरचं घर वाफेनं गेलं होतं. पाण्यातलं होतं. छप्पर, छपरावर वजनाला ठेवलेले दगड, दार, आणि दारात कमरेवर हंडा घेतलेली बाई. तिच्या पदराची कडसुद्धा पुसट झालेली नव्हती. बाई हलली नव्हती, म्हणून पाणी हललं नव्हतं, म्हणून ती तिथं होती.

वकील म्हणाले की पाण्यातलं घर हे कायद्यानं घर नव्हे.

साहेब काच डोळ्यांपुढून न हलवता म्हणाले, “काठावर घर नसताना पाण्यात पडतं का, वकीलसाहेब?” आणि लिहायला घेतलं.

त्यानंतर धुरींनी जे केलं ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी साहेबांची लेखणी मागून घेतली, आपल्या त्या नामांकित छापाच्या पाठीवर, तारखेच्या आणि वाऱ्याच्या खाली, लिहिलं: ‘डावीकडून कापला आहे. कापणाऱ्याची चूक.’ पुन्हा सही केली. काच आणि छाप दोन्ही सरकारी फायलीत गेले ते गेले. धुरींनी ते कधी परत मागितले नाहीत.

गाळा महिन्याच्या आत गेला. रावसाहेबांची माणसं सामान बाहेर ठेवत असताना धुरी खुर्ची टाकून समोर बसले होते आणि पडदा कसा गुंडाळायचा ते त्यांना शिकवत होते. मी म्हणालो, आता कुठे? तर त्याची सोय झाली होती. खाणीच्या भिंतीत सुरुंगाची दारू ठेवायची एक जुनी खोली होती, दगडी, बिनखिडकीची. आत भर दुपारी स्वतःचा हात दिसायचा नाही. फोटो धुवायला याहून चांगली खोली मुंबईत कोणत्याही फोटोवाल्याकडे नव्हती, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. दारावर नवी पाटी लागली, त्यात ‘माणसांचे’ आणि ‘पाण्याचे’ यांच्या मधला ‘व’ काढून टाकला होता. विचारलं तर म्हणाले, जागा अरुंद आहे.

पुढच्या वर्षी मला मुलुंडला ऑफिसच्या क्वार्टर्स मिळाल्या. सामान टांग्यात चढवून मी निरोप घ्यायला खाणीवर गेलो. सकाळ होती. समोरच्या काठावर आठही घरांची माणसं आपापल्या दारांत उभी, धुतलेले कपडे, तेल लावलेले भांग. त्यांचा फोटो निघायचा होता. अलीकडे पाण्यात गुडघाभर उतरून धुरी काळ्या कापडाखाली. आणि वर, बंगल्याच्या गच्चीवर, रावसाहेबांचा एक माणूस. तो दगड फेकत होता. एक पडे, पाण्यात आठ घरांचे ऐंशी तुकडे होत. ते जरा जुळू लागले की दुसरा पडे. मला कळलं की हे काही आजचं नव्हतं. रावसाहेब चौकशी हरल्यापासून, धुरींनी स्टँड लावला की हा गच्चीवर येई.

मी पाण्यात उतरून धुरींच्या जवळ गेलो. म्हणालो, कशाला उभे राहता, ही दगडाची खाण आहे, याच्याकडचे दगड जन्मात संपायचे नाहीत.

कापड हललंसुद्धा नाही. आतून आवाज आला.

“दगड संपाचे नाय. हात संपतलो.”

टांगेवाला वरून हाका मारत होता. मी परत चढून कडेशी आलो आणि वळून पाहिलं. गच्चीवरच्या माणसानं एक दगड उचलला, खांदा चोळला, दगड दुसऱ्या हातात घेतला. खाली पलीकडच्या काठावर कोणी हललं नव्हतं. धुरींच्या पायांपासून निघालेली, मी उठवलेली वलयं तेवढी पाण्यावर अजून लांब लांब जात होती, आणि ती विरेपर्यंत मी तिथंच, श्वास धरून, थांबलो.